मिसकॉल आणि मूठ

माझ्या थोरल्या दिरांनी मला पहिल्यांदा 'मिसकॉल' म्हटलं ते तासगावच्या बेदाणा सौद्यात, वीस-पंचवीस व्यापाऱ्यांच्या देखत. मी त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन गेले होते. त्यांची तिथे अडतीची, म्हणजे दलालीची, पेढी आहे. ताटल्यांत नमुने मांडलेले होते, त्यातल्या एका ताटलीतला बेदाणा मी सवयीने चिमटीत घेतला आणि म्हटलं, "हा अजून दोन दिवस सुकवायच्या रॅकवर राहायला पाहिजे होता." शेजारच्या व्यापाऱ्याने विचारलं, ही कोण? दीर म्हणाले, "ही व्हय? ही आमची मिसकॉल. एक रिंग देती आन् गप बसती."

सगळे हसले. हातात डबा होता म्हणून मीही हसले. नाहीतर काय केलं असतं ते सांगत नाही. माझा राग सगळ्या गल्लीला माहीत आहे.

हे नाव मला पडण्याचं कारण माझी अम्मी. ती लोणंदला राहते, रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीत. मी लग्न होऊन तासगावला आले तेव्हा फोनवरचं प्रत्येक मिनिट मोजून मिळायचं. म्हणून आम्ही मायलेकींनी ठरवून घेतलं होतं. एक रिंग म्हणजे मी बरी आहे. दोन म्हणजे तू कर. तीन म्हणजे काहीतरी झालंय, कुणाचा तरी फोन मागून घे आणि लगेच कर. रोज संध्याकाळी एक रिंग जायची आणि एक यायची. त्या काळात कोण मिसकॉल देत नव्हतं? माझ्या दिरांनी द्राक्षवाल्यांना दिलेले मिसकॉल मी या कानांनी ऐकलेत. पण नाव पडलं मला.

पुढे फोन स्वस्त झाले, वाटेल तेवढं बोला म्हणाले, आणि आमची एक रिंग बंद पडली. मग कंपन्यांनी रिचार्ज वाढवला. पुन्हा वाढवला. आमच्या घरात तेव्हा पाच फोन होते आणि पाचही रिचार्ज दीर त्यांच्या फोनवरून मारायचे. जो रिचार्ज मारतो त्याचा फोन, असा घराचा कायदा झाला होता. एका महिन्यात त्यांनी माझा रिचार्ज मारला नाही. विचारलं तर म्हणाले, "बायकांना इनकमिंग पुरं. बोलायचं काय असतंय तुमास्नी?"

आमच्या घरात दखनी उर्दू बोलतात, पण भांडायचं झालं की दीर आणि मी दोघंही मराठीवर येतो. मराठीत शब्द टोकदार मिळतात. मी म्हटलं, "आवं भाईसाब, रिचार्ज न्हाई मारला तर इनकमिंग पण बंद पडतंय. तेवढंही ठाऊक न्हाई आन् पेढी चालवताय." त्यांनी पाठ फिरवली. आठवडाभरात इनकमिंगही बंद पडलं. अम्मीला वाटलं मी रागावले.

तोवर मी दहा वर्षं निवडणीच्या शेडमध्ये काम केलं होतं. रोजंदारीवर बसले, मग पाटावरच्या बायकांची मुकादम झाले. बेदाण्याची काडी, डाग, साखर धरलेला दाणा, हे मला डोळे मिटून कळतं. पण माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याचा, आणि आता फोनही दुसऱ्याचा. त्या दिवशी मी ठरवलं की रिचार्जसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

आमच्या गल्लीत केबलवाला इंटरनेटची वायर ओढत होता. मी त्याला खांबावरून खाली बोलावलं. तो म्हणाला, "भाभी, एक घर, एक कनेक्शन. वर्षाचं भरलं तर राऊटर फुकट."

मी म्हटलं, "राऊटर फुकट कुणाला देतोस? त्याचं पैसे तू वर्षात काढतोसच. मला सहा महिन्यांचं दे आन् राऊटर फुकटच ठेव."

"तसं बसत न्हाई, भाभी."

"मग वायर गुंडाळ. पलीकडच्या गल्लीत दुसरा केबलवाला हाय. त्याला पण बोलवलाय."

दुसऱ्याला बोलावलं नव्हतं. पण भाव करताना न आलेला माणूसही उपयोगी पडतो. तासाभराने तो सहा महिन्यांवर आला, खांबापासूनची वायर त्याच्या अंगावर घेतली, आणि वर म्हणाला, "चहा तरी द्या." मी चहा दिला. साखर कमी घातली नाही.

खरा हिशेब माझ्या डोक्यात पुढचा होता. आमच्या घराची एक भिंत निवृत्त सुभेदारांच्या घराला लागून आहे, दुसरी एका शिंपीणबाईंच्या. राऊटर मी मधल्या भिंतीवर अशा जागी ठोकला की तिन्ही घरांत चालावा. तिघांनी मिळून भरायचं. सुभेदार म्हणाले, "गनिमी कावा हाय हा." मी म्हटलं, "काटकसर हाय." केबलवाल्याला हे पुढे कळलं, पण तोवर तिन्ही घरांची टीव्ही केबलही त्याच्याकडेच होती. तो गप्प बसला.

एकदा वायफाय आला, की फोनला सिमचं तोंड बघावं लागत नाही. बोलण्याच्या ॲपवर नंबरची ओळख एकदा पटली, की नेटवरून कितीही बोला, चेहरा बघून बोला, परदेशात बोला. मी घरातल्या बंद पडलेल्या फोनांतला एक, काचेला तडा गेलेला, पुसून काढला. माझ्या नवऱ्याचा मोठा रिचार्ज बंद केला. ते कोल्ड स्टोरेजवर कामाला आहेत, तिथे वायफाय आहेच. एकच सिम छोट्या रिचार्जवर जिवंत ठेवलं, कारण बँकेचा ओटीपी सिमवरच येतो. ते सिम माझं. 'बायकांना इनकमिंग पुरं' म्हणणाऱ्यांच्या घरात ओटीपी यायला बायकोचं सिम लागायला लागलं, हे मी नवऱ्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे. ते माझ्यासारखे नाहीत. ते फक्त हसतात.

अम्मीसाठी मी लोणंदला गेले. तिच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानदाराशी बोलून त्याच्या वायफायचा पासवर्ड घेतला, बदल्यात दर मोसमात एक किलो बेदाणा. अम्मीला हिरवं बटण दाखवलं, लाल दाखवलं, व्हिडिओ कसा येतो ते दाखवलं. पण व्हिडिओ आला तरी ती फोन कानालाच लावते. दीड वर्षं मी फोनवर अम्मीचा कान बघितला. कानाच्या पाळीचं लांबलेलं भोक, त्यातली बारीक काडी, वरचे पांढरे केस. "अम्मी, फोन तोंडासमोर धर," म्हटलं की म्हणायची, "मग ऐकू कसं येईल?" आणि दोन वाक्यं झाली की, "ठेव गं आता, पैसे पडत असतील." फुकट आहे म्हणून मी शंभरदा सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते जे बोलणं फुकट असतं ते भांडण.

हे सगळं जमल्यावर मला एक गोष्ट कळली. मी लोणंदला फुकट बोलू शकते, तर हैदराबादलाही बोलू शकते.

निवडणीच्या शेडमधून माल जायचा त्या बॉक्सांवर घेणाऱ्या व्यापाऱ्यांची लेबलं असायची. बाकीच्या बायका लेबल चिकटवायच्या. मी चिकटवता चिकटवता नंबर वाचायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचे. हैदराबादचा एक सुक्या मेव्याचा व्यापारी दर वर्षी सगळ्यात चांगला माल न्यायचा. तो नंबर माझ्या वहीत सहा वर्षं होता.

त्या मोसमात एका बागायतदार मावशींनी, ज्यांचा बेदाणा मी कित्येक वर्षं निवडत आले होते, मला म्हटलं, "माझा साठ बॉक्स माल तूच विक. पैसे आल्यावर दे. तुझ्या हाताखालनं गेलेला माल मला ठाऊक हाय." मी घरी येऊन हे सांगितलं. दीर ओसरीवर बसले होते. घर एक आणि चुली दोन, अशी आमची मांडणी आहे, पण ओसरी त्यांची.

ते म्हणाले, "मिसकॉलवर व्यापार करणार व्हय?"

मी म्हटलं, "करीन."

"बरं. पंधरा दिवस. पंधरा दिवसांत माल विकलास तर तुझा धंदा तुझा, मी मधे येणार न्हाई. न्हाई जमलं तर माल माझ्या पेढीवर, आन् तू परत निवडणीच्या पाटावर. पुन्हा व्यापाराचं नाव काढायचं न्हाई."

"वीस."

"सौदा करतीस माझ्याशी?"

"मग कुणाशी करू?"

अठरावर तोड निघाली. मावशींच्या माणसांनी माल आमच्या पुढच्या खोलीत आणून लावला. प्रत्येक बॉक्सवर मी खडूने आकडा लिहिला आणि हैदराबादला नेटवरून फोन लावला.

त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अनोळखी नंबरावरचा फोन कोण उचलतो? तिसऱ्या दिवशी मी मालाचा फोटो पाठवला. तासाने उत्तर आलं, फोटोत सगळ्यांचाच बेदाणा हिरवागार असतो. ते खरंच होतं. मी आणखी दोन-तीन ठिकाणी बोलले. पुण्याच्या एकाने असा भाव सांगितला की मी त्याला मराठीतलं एक वाक्य ऐकवलं आणि फोन ठेवला. ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही. दिवस मात्र जात होते. दीर रोज सकाळी ओसरीवरून आत बघायचे आणि बॉक्स मोजल्यासारखं करायचे.

सतराव्या दिवशी दुपारी हैदराबादवाल्याने स्वतःहून व्हिडिओ लावला. वयस्कर माणूस, मेंदी लावलेली दाढी. माझी दखनी ऐकून त्याला बरं वाटलं असावं, पण मालाच्या बाबतीत तो बोलीला भुलणारा नव्हता. म्हणाला, "आपा, वरचा बॉक्स नको. एक्केचाळीस नंबरचा दाखवा."

एक्केचाळीस नंबर भिंतीकडच्या थप्पीत, सगळ्यात खाली होता. नवरा घरी होता. आम्ही दोघांनी वरचे बॉक्स उतरवले, एक्केचाळीस बाहेर ओढला आणि कॅमेऱ्यासमोर फोडला.

"मूठ," तो म्हणाला.

बेदाण्याची मूठ म्हणजे काय ते सांगते. मूठभर बेदाणा घ्यायचा, घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. दाणे सुटे होऊन खाली पडले तर माल वाळलेला. गोळा हातातच राहिला तर आत पाणी आहे, पुढे बुरशी धरणार. आमच्या धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची नसते. उघडल्यावरच तिची किंमत कळते.

मी मूठ भरली, दाबली, कॅमेऱ्यासमोर धरली. आणि लाइन अडकली.

फोनवर त्याचा चेहरा अर्ध्या शब्दावर थांबला, तोंड उघडं. आवाज तुटक येत होता. "मूठ... खोलो... आपा..." त्याला तिकडे माझी बंद मूठच दिसत असणार. मी मूठ उघडत नाही असंच त्याला वाटणार. नवऱ्याच्या हातात फोन होता, ते तो खिडकीकडे नेत होते, परत आणत होते. तेवढ्यात दारात दीर येऊन उभे राहिले. बंद मूठ धरून बसलेली मी आणि थांबलेला व्यापारी, दोन्ही त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "झाकली मूठ बरी दिसती. तशीच ऱ्हाऊ दे."

लाइन का अडकली ते मला एका क्षणात कळलं. पलीकडून सुभेदारांच्या टीव्हीचा आवाज येत होता. ते नेटवर मॅच बघत होते. तीन घरांत एक कनेक्शन मीच केलं होतं, आणि केबलवाल्याकडून सगळ्यात छोटा स्पीड घासाघीस करून मीच घेतला होता. दुसऱ्या कुणाला शिव्या घालायची सोय नव्हती.

मूठ सोडली असती तर पुन्हा भरावी लागली असती, आणि पुन्हा भरलेली मूठ निवडून भरलेली आहे असं तो म्हणाला असता. म्हणून मूठ तशीच वर धरून मी परसात गेले आणि भिंतीवरून ओरडले, "आवं सुभेदारमामा, मॅच बंद करा."

"शेवटची ओव्हर हाय गं."

"माझी पण शेवटचीच हाय."

ते खिडकीत आले. माझी आवळलेली मूठ डोक्याच्या वर, आणि चेहरा कसा असेल तो त्यांनाच ठाऊक. सैन्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, पण काही न विचारता आत गेला आणि टीव्ही बंद केला. पुढे कित्येक दिवस ते गल्लीत सांगत होते, "मला वाटलं मारतीय आता."

मी परत खोलीत आले. चित्र हललं. व्यापाऱ्याचं तोंड मिटलं, डोळे माझ्याकडे आले. एप्रिलचं ऊन होतं, पत्र्याची खोली, चार-पाच मिनिटं आवळलेला हात. बोटांच्या फटीतून घाम येत होता. अशा मुठीत कोरडा मालही चिकटतो, हे मला माहीत होतं. मी उघडली.

दाणे घळाघळा बॉक्समध्ये पडले. तळव्यावर दोन राहिले.

तो पडद्याजवळ वाकला आणि ते दोन दाणे बघितले. मग म्हणाला, "आपा, मूठ तीच का? मधे बदलली तर नाही?"

काय सांगणार? मी म्हटलं तर माझाच माल. नवऱ्याने म्हटलं तर माझाच नवरा. मी दाराकडे बोट केलं. "त्यांना विचारा. ते मघापासून इथं उभे हायत. परसातही डोकावून बघत होते."

"ते कोण?"

"माझे थोरले दीर. हा माल खपू नये असं वाटणारा या घरातला एकच माणूस."

नवऱ्याने फोन दाराकडे वळवला. व्यापाऱ्याने विचारलं, "भाई, मुठ्ठी बदली क्या?"

दिरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी माझा सौदा मोडला असता आणि तिसऱ्या दिवशी मी पाटावर असते. ते म्हणाले, "न्हाई. तीच मूठ हाय."

त्या एका 'न्हाई'चं ऋण माझ्यावर आहे. ते मला आवडत नाही, पण आहे.

व्यापारी म्हणाला, "पाच मिनिटं घामात दाबून जो सुटा राहतो, तो माल मी घेतो." भावावर आम्ही पुढे अर्धा तास भांडलो. नेटवरचं भांडण, त्यामुळे घाई नव्हती. मिनिट जातंय म्हणून कुणाला झुकायची गरज नव्हती, आणि मला वाटतं त्या दिवशी मी जिंकले ते यामुळेच. घड्याळ बघून भाव करणारा हरतो. साठच्या साठ बॉक्स गेले. पैसे आधी खात्यात आले, बँकेचा मेसेज माझ्या सिमवर आला, आणि तिसऱ्या दिवशी त्याची गाडी गल्लीत उभी राहिली. मावशींना पैसे द्यायला मी स्वतः गेले.

संध्याकाळी लोणंदला व्हिडिओ लावला. अम्मीच्या कानाला सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "हैदराबादपर्यंत बोललीस? किती पैसे पडले असतील." आणि फोन ठेवला.

आता चौथा मोसम आहे. पुढच्या खोलीत माल बसत नाही, शेड भाड्याने घेतलंय, तिथे माझं स्वतःचं कनेक्शन आहे, तिथे कुणी मॅच बघत नाही. नऊ गावांच्या व्यापाऱ्यांशी मी बोलते आणि सगळ्यांना मूठ उघडून दाखवते. फोनचा महिन्याचा खर्च अजून तोच आहे, एक छोटा रिचार्ज. पाटावर मी बसते, पण माझ्याच शेडमध्ये, बायकांना शिकवायला.

यंदा अवकाळी पावसात बऱ्याच जणांचा माल भिजला. घेणारे कुठल्याच मालावर विश्वास ठेवीनात, आणि दिरांच्या पेढीवर चाळीस बॉक्स अडकले. एका दुपारी ते त्यातला एक बॉक्स हमालाच्या डोक्यावर देऊन माझ्या शेडमध्ये आले. पहिल्यांदाच. खुर्ची दिली, तर बसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या हैदराबादवाल्याला आमचा माल दाखवशील?"

मी म्हटलं, "दाखवीन की. तुमचा फोन द्या, आधी वायफायला जोडते. माल तुमचा, तर बोलणं तुमच्या फोनवरनं होऊ दे."

फोन जोडला. चालतो का ते बघायला मी माझ्या फोनवरून त्यांना एक कॉल लावला. टेबलावर त्यांचा फोन वाजला आणि पडद्यावर नाव आलं: मिसकॉल.

पाटावरच्या बायकांचे हात थांबले. दिरांनी फोन उचलायला हात पुढे केला, तो मी त्यांच्या आधी उचलला. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं. सौद्यातला तो हशा, हातातला डबा, इनकमिंग. पण मी आता व्यापारी आहे, आणि व्यापाऱ्याने तापलं तरी आधी भाव सांगावा.

मी म्हटलं, "भाईसाब, अडत घेणार न्हाई मी तुमच्याकडनं. तेवढं हे नाव बदला."

"अगं, जुनं हाय ते. ध्यानातच न्हाई राहिलं."

"मग आता ध्यानात राहू दे."

ते चष्मा लावून उभे राहिले. एका बोटाने एकेक अक्षर पुसलं, आणि एकेक लिहायला लागले. वेळ लागला. मी घाई केली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. नातं लिहिलं नव्हतं. माझं नावही नव्हतं. बाकीच्या व्यापाऱ्यांचं लिहितात तसंच लिहिलं होतं: बेदाणा, तासगाव.

मी वाचलं, त्यांच्याच फोनवरून हैदराबादला व्हिडिओ लावला, फोन त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मालाचा बॉक्स पुढे ओढला.

"आता मूठ भरा," मी म्हटलं.